अयुक्लिडीय भूमितीमुळे धर्मावरचा आणि नीतीवरचा विश्वास ढासळला, हे खरं आहे का?

प्रश्नकर्त्यांनी इंदुरातल्या एका व्याख्यानात ऐकलं की, "समांतर रेषा शेवटी भेटतात हे सिद्ध झालं आणि तेव्हापासून युरोपात देवाधर्माचा पाया खचला." यात तथ्य किती आणि ही भूमिती (म्हणजे प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या, शाळेत शिकतो त्या भूमितीहून वेगळी) घरी करून पाहता येते का, असं त्यांनी विचारलं आहे.

माझं उत्तर: श्रद्धा ढासळली नाही. श्रद्धेच्या बाजूने दिला जाणारा एक फार जुना दाखला मात्र कायमचा निकामी झाला.

आधी ते वाक्यच दुरुस्त करायला हवं. शाळेत शिकतो त्या रूपात युक्लिडचं पाचवं गृहीतक असं: रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. लोबाचेव्हस्की (१८२९) आणि बोयाई (१८३२) या गणितींच्या भूमितीत अशा असंख्य रेषा निघतात आणि त्यातली एकही मूळ रेषेला भेटत नाही. सगळ्या सरळ रेषा एकमेकींना भेटतात त्या गोलावर (तिथे सरळ रेषा म्हणजे गोलाला बरोबर मधोमध कापणारं वर्तुळ), आणि गोलाची भूमिती ज्योतिर्विदांना त्याआधी दीड हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक होती. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदा जोडून होणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ साधारण ४८,००० चौरस किलोमीटर भरतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा सुमारे ४ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जास्त येते. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण गोल वाकडा असला तरी ज्या अवकाशात तो आहे ते सरळच, अशी सगळ्यांची खात्री होती. धक्का बसला तो अवकाशच वेगळं असू शकेल या शक्यतेचा.

आता करून पाहण्याचं. पातळ कार्डशीट घ्या (इंदुरात खजुरी बाजारात सहज मिळेल) आणि ६ सेंमी बाजूचे १८ समभुज त्रिकोण कापा. एका बिंदूभोवती सहा त्रिकोण सेलोटेपने जोडले की सपाट षटकोन होतो. दुसऱ्या बिंदूभोवती पाचच जोडा, टोपी होते. तिसऱ्याभोवती सात जोडा. आता कागद सपाट बसायला तयार होत नाही, झालरीसारखा वरखाली होतो. जोडताना दोन कडांमध्ये केसाएवढी फट ठेवा, नाहीतर जोड दोन्ही बाजूंना वळत नाही.

सातांच्या आकृतीवर एका जोडावर मध्यापासून ५ सेंमीवर खूण करा. तिथून मध्याभोवती १४० अंश पुढे जा, म्हणजे दोन पूर्ण त्रिकोण आणि तिसऱ्यात २० अंश. तिथेही मध्यापासून ५ सेंमीवर खूण. आणखी १४० अंशांवर तिसरी. दोन खुणांमधला भाग टेबलावर दाबून सपाट करा, बाकीचा कागद वर उचलला जाऊ द्या, आणि फूटपट्टीने रेघ मारा. अशा तिन्ही बाजू झाल्या की कोन मोजा: प्रत्येकी ४०, बेरीज १२०. सहांच्या आकृतीत खुणा १२० अंशांवर येतात, कोन ६०, बेरीज १८०. पाचांच्या आकृतीत खुणा १०० अंशांवर, कोन ८०, बेरीज २४०. पाचांच्या वेळी मात्र शेवटचा जोड लावण्याआधी, पाचही त्रिकोण टेबलावर सपाट पसरलेले असतानाच रेघा मारून घ्या. टोपी मिटल्यावर तीन त्रिकोण एकदम सपाट होत नाहीत, पट्टी उचलली जाते आणि रेघ वाकते. बेरीज चार-पाच अंशांनी चुकली तर बहुधा मध्यावर टोकं नीट जुळलेली नसतात.

इथे सगळी वक्रता, म्हणजे पृष्ठाचा वाकडेपणा, एका बिंदूत गोळा झाली आहे, खऱ्या लोबाचेव्हस्की पृष्ठावर ती सगळीकडे सारखी पसरलेली असते. पण मुद्दा कळतो: रेघ प्रत्येक वेळी सरळच मारली, नियम पाळले, तरी उत्तरं वेगळी आली. १८६८ मध्ये इटालियन गणिती बेल्त्रामीने दाखवलं की युक्लिडची भूमिती विसंगतीमुक्त असेल तर ही नवीही आहे. म्हणजे युक्लिड खोटा ठरला नाही, एकमेव मात्र उरला नाही.

धर्माचा संबंध इथे येतो. अनुभवावर न विसंबता, निव्वळ बुद्धीने मिळणारं निश्चित सत्य म्हणजे भूमिती, असं युरोपात धरून चालत. तत्त्वज्ञ स्पिनोझाने आपलं ईश्वरविषयक विवेचन (त्याच्या मृत्यूनंतर १६७७ साली छापलं गेलेलं) गृहीतक-प्रमेय अशा मांडणीत केलं होतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये अवकाशाचं ज्ञान अनुभवापूर्वीचं ठरवलं. इंग्लंडात धर्माच्या बाजूने युक्तिवाद होई की भूमितीत अशी निश्चिती माणसाला मिळते, तर ईश्वराबद्दलही का मिळू नये? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ आणि इंग्रज गणिती क्लिफर्ड यांनी १८७० च्या दशकात नवी भूमिती सुशिक्षितांपर्यंत नेली, तेव्हा हा दाखला लंगडा पडला. चर्चने मात्र या भूमितीशी युद्ध पुकारलं नव्हतं. जर्मन गणिती गाउसने याच विषयावरचं आपलं संशोधन छापलं नाही त्याचं कारण त्याने १८२९ च्या पत्रात दिलं आहे, ते अडाण्यांच्या आरडाओरड्याच्या भीतीचं. आणि १७३३ मध्ये युक्लिडला निर्दोष ठरवायला निघालेला सक्केरी, ज्याच्या हाती नव्या भूमितीची कितीतरी प्रमेयं लागली, तो स्वतः जेझुइट या कॅथलिक पंथातला पाद्री होता!

नीती ढासळली म्हणणं मला अजिबात पटत नाही. असं म्हणणारे खापर आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सापेक्षता सिद्धांतावर फोडतात, ज्यात जर्मन गणिती रीमानची अयुक्लिडीय भूमिती वापरली आहे. त्या सिद्धांताचा सगळा भर सर्व निरीक्षकांना सारखे लागू पडणारे नियम शोधण्यावर आहे. लोबाचेव्हस्कीची भूमिती तर काही बाबतीत युक्लिडपेक्षा कडक: तिथे दोन त्रिकोणांचे कोन सारखे असले की ते एकरूपच असतात, त्यामुळे हुबेहूब लहान प्रमाणाचा नकाशा काढताच येत नाही. "काहीही चालतं" हे तिच्यातून निघत नाही.

आपल्याकडे युक्लिड आला तो वेगळ्या वाटेने. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहांच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथांनी १७१८ च्या सुमारास तेराव्या शतकातल्या इराणी गणिती नसीरुद्दीन तूसीच्या अरबी संस्करणावरून त्याला संस्कृतात आणलं, 'रेखागणित' या नावाने. हे तेच जयसिंह ज्यांची वेधशाळा उज्जैनला आहे, इंदुरापासून तास-दीड तासावर. इथे भूमिती ग्रहगणिताच्या कामाला लागली. ईश्वराच्या अस्तित्वाची ग्वाही द्यायचं ओझं तिच्यावर कधी नव्हतं. म्हणून युरोपातला तो वाद आपल्या धर्मचर्चेत शोधू गेलात तर फारसा सापडणार नाही.