वस्तीत नशाविरोधी प्रकल्प सुरू करायचाय, सुरुवात कुठून करू?

२६ जूनला, नशाविरोधी दिनाला, मुलांसाठी नशेच्या पदार्थांचं प्रदर्शन भरवून सुरुवात करू का, असं तुम्ही विचारलंय. तेवढं वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो. प्रदर्शन नको. मी करून बसलोय.

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. काही वर्षांपूर्वी इथल्या शाळेत याच दिवशी मला व्याख्यानाला बोलावलं. हौसेने गेलो. कवटीची पोस्टरं लावली, टेबलावर रिकामी पाकिटं मांडली, फळ्यावर तीन औषधांची नावं लिहिली आणि कशाने काय होतं ते रंगवून सांगितलं. मुलं इतकी चिडीचूप, की मला वाटलं मैदान मारलं. हेडसरांनी शाल-नारळ दिला.

आठ-दहा दिवसांनी, ऐन गर्दीच्या वेळी नववीतला एक पोरगा काउंटरवर आला. बोलला काही नाही, तळहात पुढे केला. बॉलपेनने तीन नावं, घामाने फिसकटलेली. फळ्यावर मधल्या नावात मी घाईत एक वेलांटी चुकलो होतो. ती चूक त्याच्या हातावर जशीच्या तशी होती.

"कोणासाठी रे?"

"आजीला झोप येत नाही."

चिठ्ठी घेऊन ये म्हणून परत पाठवला. बाजूला बसवून विचारायला हवं होतं. गिऱ्हाइकं खोळंबली होती. पुन्हा आला नाही.

हेडसरांना सांगितलं तर म्हणाले, "आमची मुलं तसली नाहीत. आणि धाक दाखवल्याशिवाय मुलं ऐकत नाहीत." पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावून तेच प्रदर्शन! अहो सर, कवटीला घाबरतात ती मुलं तशीही हात लावणार नसतात.

तर तुमचं. आधी पंधरा दिवस व्याख्यान-बिख्यान नको. पहाटे झाडूवाल्या मावशींबरोबर वस्तीत फिरा. सार्वजनिक संडासामागे, पाण्याच्या टाकीखाली काय पडलेलं असतं ते बघा. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, की गोळ्यांची पाकिटं? विषय तिथे ठरतो. पेपरात रोज एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) येतं म्हणून तुमच्याकडे तेच असेल असं नाही. मग मेडिकलवाल्यांकडे जा. झोपेच्या बऱ्याच गोळ्या आणि खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन २०१४ पासून एच-वन यादीत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या खास यादीत आहेत. गिऱ्हाईक, डॉक्टर, किती दिलं, हे वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. वस्तीतल्या चार बायकांनी "वही ठेवता ना?" एवढं विचारलं तरी दुकानदार सावध होतो. आमच्या धंद्यातले मला शिव्या घालतील. घालोत.

मुलांशी बोलायचं ते पाच-सहा जणांत, औषधांची नावं न घेता. मित्राने पुढे केलं तर नाही कसं म्हणशील, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

हां, एक राहिलंच. ज्यांना आधीच लागलंय त्यांना कोंडून एकदम बंद करायला लावू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक तोडल्या तर फिट येऊ शकते, डॉक्टर लागतोच. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत नंबर आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. नुसतं सेवन असेल आणि माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर कायद्यात त्याला खटल्यापासून सूट आहे; पोलिसांच्या भीतीने घरचे लपवतात, त्यांना हे सांगा. विकणाऱ्याला ती सूट नाही.

हेडसर आता रिटायर झालेत, बीपीच्या गोळ्या माझ्याकडूनच नेतात. गेल्या जूनमध्ये सुटे पैसे मोजता मोजता म्हणाले, "यंदा शाळेत जाऊन या की. तुमची पोस्टरं मी कपाटात जपून ठेवायला सांगितलीत."