वाचकांचे प्रश्न : पाणाड्याची परीक्षा कशी घ्यावी?

प्रश्न : 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्या गावात अंधश्रद्धांवर व्याख्यान ठेवलं आहे. इकडे तळहातावरचा आडवा नारळ उभा झाला की खाली पाणी आहे, असं सांगणारा नारळवाला पाणाडी वावरात फिरवल्याशिवाय कोणी बोअरची मशीन बोलावत नाही. नुसत्या भाषणानं लोकांना पटेल असं वाटत नाही. प्रयोग करून दाखवता येईल का?
– एक शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : येईल, पण मंचावर नको, वावरातच करा. आणि पाणाड्याला आरोपी करू नका. बहुतेकांचा आपल्या हातावर खरोखर विश्वास असतो.

तळहातावर आडवा ठेवलेला नारळ बोटं जराशी वळली, मनगट थोडं कललं, तरी उभा होतो. ही हालचाल करणाऱ्यालाही जाणवत नाही. म्हणून आधी त्याच जागी नारळ सपाट पाटावर ठेवून चालायला सांगा. पाणी नारळाला उठवत असेल, तर तो पाटावरही उठला पाहिजे.

मग त्यानं उघड्या डोळ्यांनी दाखवलेल्या जागा धुऱ्यापासून टेपनं मोजून वहीत लिहा आणि खुणा मिटवा. आता डोळे बांधून त्याला दुसऱ्या बाजूनं आत आणा आणि पुन्हा जागा विचारा. हात धरून नेणाऱ्याला आधीच्या जागा माहीत नसाव्यात. माहीत असल्या, की तिथं त्याचं पाऊल नकळत मंदावतं आणि इशारा पोचतो. बरेच प्रयोग इथंच फसतात.

पक्का निकाल हवा असेल तर 10 सारख्या बादल्या टोपल्यांखाली झाका. एकीत पाणी, बाकीच्यांत माती. पाणी कुठल्या बादलीत, हे चिठ्ठी काढून ठरवा. मनानं ठरवलं की माणूस कडेच्या जागा टाळतो. सांडलेलं पाणी आणि पावलांचे ठसे पुसा. पाणी ठेवणाऱ्यानं पाणाडी येण्याआधीच निघून जावं. असं 10 वेळा करा, चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाका. नुसत्या अंदाजानं सरासरी एकदा बरोबर येतं. 5 किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता हजारात दोनहूनही कमी. तेव्हा 5 ही अट आधीच लिहून दोघांच्या सह्या घ्या.

‘बादलीतलं नाही, वाहतं पाणीच कळतं’ ही पळवाट नंतर निघते. म्हणून आधी झाकण न घालता एक फेरी घ्या आणि ‘इथं नारळ नीट चालतो’ हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. वाहत्या पाण्याचीही परीक्षा झालेली आहे. जर्मनीत कासेल इथं 1990 साली जमिनीखालच्या पाइपातून पाणी वाहतंय की बंद आहे, हे पाणाड्यांना विचारलं गेलं. निकाल अंदाजापलीकडे गेला नाही.

प्रश्न : मग पाणाड्यांनी सांगितलेल्या जागी पाणी लागतं कसं?
– एक शेतकरी, अकोला जिल्हा

उत्तर : काळ्या खडकाच्या भागात मुरमात आणि भेगांत थोडंफार पाणी पुष्कळ ठिकाणी असतं. त्यात जुना पाणाडी नाल्याजवळची, सखल जागाच दाखवतो. कोरड्या बोअरची चर्चा मात्र कोणी करत नाही.

तुमचा भाग पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातला असेल, तर खरा प्रश्न पाणी गोडं की खारं हा आहे, आणि ते नारळ सांगत नाही. शेजारच्या विहिरी-बोअरचं पाणी टीडीएस मीटरनं, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रानं तपासा, जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात पुन्हा. पिण्यासाठी लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं. दुसरी सोय नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. बोअरच्या जागेसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करा, सोबत सातबारा आणि शेजारच्या बोअरची खोली लिहून न्या.