जोडीने आणलेले मासे आणि टँकमधली मारामारी

प्रश्न (ऐरोली) : आमचा टँक २ बाय १ बाय १ फुटाचा आहे. त्यात वर्षभर दोन टायगर बार्ब, दोन एंजल आणि एक ब्ल्यू गोरामी आहे. रविवारी एंजलची आणखी एक जोडी आणून सोडली. सकाळी एकाची शेपूट कुरतडलेली होती, दुसरा फिल्टरमागे पाण्याच्या वरच्या थरात उभा होता. दुकानदार म्हणतात, दोन दिवसांत जुळेल. थांबावं का?

उत्तर : थांबू नका. दोन्ही नवे एंजल आजच वेगळे करा. साबण कधीच न लागलेला १५-२० लिटरचा टब घ्या, त्यात टँकमधलंच पाणी भरा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा आणि वर जाळी झाका. रोज पाव भाग पाणी बदला आणि सुरुवातीला लिटरमागे १ ग्रॅम जाडं मीठ विरघळवून घाला. फाटलेल्या कडेला पातळ पारदर्शक पडदा दिसू लागला, तर तो नवा पर फुटतोय. कापसासारखा पुंजका दिसला, तर ती बुरशी आणि मग औषध लागेल.

थोडा पाठलाग होणारच. जुना मासा चार-पाच सेकंद मागे लागून सोडून देतो आणि नवा मासा दाणे खायला येतो, तोवर काळजी नाही. पण नवा मासा पर अंगाला चिकटवून एकाच कोपऱ्यात राहिला, खायला आला नाही किंवा परांच्या कडा फाटल्या, तर वाट पाहणं आम्हाला मान्य नाही. काचेच्या पेटीत त्याला पळून जायला जागाच नसते.

आता कारण. आपल्याकडे मासे जोडीच्या भावाने मिळतात, म्हणून सगळेच जोडीने आणले जातात. टायगर बार्ब हा थव्याचा मासा आहे. आठ-दहा असले की त्यांची चावाचावी बरीचशी आपसातच राहते. दोनच असले की ती इतरांच्या वाट्याला येते आणि संथ पोहणारा, लांब परांचा एंजल आधी सापडतो. त्यामुळे टँक कितीही मोठा असला तरी या दोघांना एकत्र ठेवू नये. ब्ल्यू गोरामीचा नरही जागा धरून बसतो. शिवाय पूर्ण वाढलेला एंजल परांसकट एक वीतभर किंवा जास्त उंच होतो आणि तुमच्या टँकमध्ये पाण्याची उंची जेमतेम १० इंच. चारही एंजलसाठी किमान ३ फूट लांब आणि १८ इंच उंच टँक हवा. बार्ब तर दुकानदाराला परत द्याच; असा टँक घेणं शक्य नसेल, तर एंजलही परत द्या. गोरामी ठेवून सोबत आठ झेब्रा डॅनियो सोडा, दोन नव्हे.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) : तीन फुटी टँक आहे. नवे मासे सोडायची नीट पद्धत सांगा. आमच्याकडे बऱ्याचदा टँकरचं पाणी येतं.

उत्तर : मासे कोलकाता, चेन्नईसारख्या लांबच्या ठिकाणांहून ऑक्सिजनच्या पिशव्यांतून येतात आणि थकलेले असतात. आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. त्यासाठी एक स्पंज फिल्टर मोठ्या टँकमध्ये महिनाभर आधीच चालू ठेवा, म्हणजे त्यात अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) पचवणारे जिवाणू तयार असतात. आपल्या हवेत व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा आजार) असेल तर बहुतेक वेळा आठवडाभरात अंगावर दिसतो. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. मग आजारी, सुस्त मासा टँकमध्ये जातो, आणि मार नेमका सुस्त माशालाच पडतो.

सोडायचा दिवस आला की संध्याकाळ निवडा. जुन्या माशांना पोटभर खायला द्या आणि दिवा बंद करा. मग टँकमधले दगड, लाकूड, कुंड्या यांची जागा बदला. एखादा दगड सरकवून भागत नाही, सगळी मांडणी मोडा. जुना मासा आपली हद्द याच खुणांवरून ओळखतो. खुणा हलल्या की त्यालाही नव्याने जागा शोधावी लागते आणि नव्याला तेवढी सवड मिळते.

टबातल्या माशांना पाण्यासकट पिशवीत घ्या. पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवा. नंतर दर पाच मिनिटांनी अर्धा कप टँकचं पाणी पिशवीत घाला, असं पाच-सहा वेळा. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर ते महापालिकेच्या पाण्यापेक्षा बरंच जड, म्हणजे जास्त क्षारांचं असू शकतं. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने पिशवीतलं आणि टँकमधलं, दोन्ही पाणी मोजा. फरक दोनशे पीपीएमच्या वर असेल तर हे काम तासभर सावकाश करा. मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

सगळे नवे मासे एकदम सोडा. एकटा नवा मासा सगळ्यांचा मार एकटाच खातो. सहा असले की तो वाटला जातो. एकच मासा आणायचा असेल, तर तीन-चार दिवस जाळीच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये ठेवा, म्हणजे बाकीचे त्याला पाहतील पण चावू शकणार नाहीत. लपायच्या जागा माशांपेक्षा जास्त हव्यात आणि त्यांना दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाच्या मडक्यात शिरलेला मासा तिथेच अडकतो. सकाळी दाणे टँकच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमोनिया तपासा आणि पाव भाग पाणी क्लोरीन काढून बदला. जिवाणू वाढायला वेळ लागतो, तोवर दाणेही निम्मेच द्या.

प्रश्न (नेरूळ) : मॉलीची जोडी आणली. नर मादीला क्षणभर सोडत नाही. हे भांडण आहे का?

उत्तर : नाही, तो समागमासाठी मागे लागतो. पण मादी दमून मरू शकते. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा आणि वरच्या थरात तरंगती झाडं टाका. पोटाखालचा मागचा पर काडीसारखा असेल तर नर, पंख्यासारखा पसरट असेल तर मादी. दुकानातच बघून घ्या.

प्रश्न (खारघर) : आमचा रेड टेल शार्क कुठल्याच नव्या माशाला तळाशी टिकू देत नाही. त्याला काढून टाकावं का?

उत्तर : नावात शार्क असला तरी हा गोड्या पाण्यातला छोटा मासा आहे. आधी आठवडाभर त्याला दुसऱ्या टबात ठेवा. त्या काळात नव्या माशांना जागा धरू द्या, मांडणी बदला आणि मग त्याला परत सोडा. आता तो स्वतःच नवखा असतो. या जातीचा एका टँकमध्ये एकच मासा हवा, आणि टँक चार फुटांचा. तुमचा त्याहून लहान असेल तर आठवड्याचा हा उपाय फार दिवस टिकणार नाही. मोठा टँक असलेल्या कुणाकडे तरी त्याला द्या. नवे मासे यापुढे वरच्या आणि मधल्या थरात राहणारे निवडा. कोरी आणि लोच हे तळाशी राहणारे मासे त्याच्या वाटेत येतात.