वाचकांचे प्रश्न : मतदानावर बहिष्कार टाकावा का?

प्रश्न : आमच्या गावापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा चार किलोमीटरचा रस्ता दर पावसाळ्यात चिखलाने बंद पडतो. गेल्या निवडणुकीच्या तोंडावर आमदारांच्या हस्ते भूमिपूजन झाले, फलकही लागला. त्यानंतर खडीची एक पाटी पडलेली नाही. निवेदने देऊन आम्ही थकलो. येत्या निवडणुकीत गावाने बहिष्कार टाकावा, असे तरुण मंडळींचे म्हणणे आहे. त्याचा उपयोग होईल का? आणि आमदाराला परत बोलावण्याची काही सोय कायद्यात आहे का?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : आपला संताप रास्त आहे, उपाय मात्र चुकीच्या माणसाला लागणारा आहे. निवडणूक वैध ठरण्यासाठी किमान इतके मतदान व्हावेच, अशी अट आपल्या कायद्यात नाही, त्यामुळे एका गावाने पाठ फिरवली तरी निकाल लागतोच आणि ज्यांच्यावर आपला राग आहे त्यांना नाराज मतांची चिंता तेवढी कमी होते. ‘नोटा’चा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालामुळे मिळाला, परंतु विधानसभेच्या निवडणुकीत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला जास्त मते, तोच निवडून येतो. बहिष्काराचा खरा उपयोग मतदानापूर्वीच्या आठ-पंधरा दिवसांत होतो, कारण तेव्हा अधिकारी समजूत घालायला गावात येतात. ते आले, तर तोंडी आश्वासनावर उठू नका. तारीख आणि सही-शिक्क्यासह लेखी पत्र घ्या.

भूमिपूजन म्हणजे काम मंजूर झाले, असे समजण्याचे कारण नाही. रस्त्याच्या कामाला प्रशासकीय मान्यता लागते, तांत्रिक मान्यता लागते, निविदा निघावी लागते आणि शेवटी कंत्राटदाराला कार्यारंभ आदेश मिळावा लागतो. नारळ यांपैकी कोणत्याही टप्प्यावर, किंबहुना पहिल्याच्याही आधी, फुटू शकतो. म्हणून प्रथम रस्ता कोणाकडे आहे ते पाहा : ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. मग त्या कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात, दहा रुपये शुल्क भरून, या कामाची प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता व कार्यारंभ आदेश यांच्या प्रती मागा. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नका. कायद्याने कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रथम अपील करता येते.

याच अर्जात आपल्या जुन्या निवेदनांवर रोज काय कार्यवाही झाली आणि ती कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे किती दिवस पडून होती, हेही मागावे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या व दिरंगाईसंबंधी 2005 चा जो अधिनियम आहे, ज्याला लोक दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. हा कायदा आमदारांना लागू नाही. पण माझ्या मते गावाची धार इथेच लागावी, कारण आमदार पाच वर्षांनी एकदा उत्तर देतात आणि फाइलवर सही करणारा रोज कचेरीत बसतो.

परत बोलावण्याविषयी : आमदार-खासदारांसाठी तशी तरतूद नाही. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनापासून ती मागणी होत आली आहे. ग्रामपंचायतीत मात्र तिच्या जवळ जाणारी सोय आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वास ठराव सदस्यांनी तीन-चतुर्थांश बहुमताने मंजूर केला, तरी पुढे विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागते.

ग्रामसभेचा विषय निघालाच आहे, तर एक विचारतो : आपल्या रस्त्याचा ठराव ग्रामसभेत झाला आहे का? गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतील कमी संख्या पुरते. एवढी माणसे बहिष्काराच्या बैठकीला नक्कीच जमली असतील. येत्या ग्रामसभेत ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत माहितीच्या अर्जासोबत जोडा.