बुडणाऱ्या प्लेटचा अभ्यास करायचाय? मग गणित सोडू नकोस

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. जमिनीखाली बुडणारी प्लेट (पृथ्वीच्या वरच्या थराचा प्रचंड तुकडा) तुटते आणि त्यातून भूकंप होतात, असं वाचल्यापासून मला हेच शिकायचंय. गणित जड जातं. ते सोडून जिऑलॉजी केलं तर चालेल का? बाबा म्हणतात, यात नोकऱ्या नाहीत.

उत्तर : जिऑलॉजी तसंही करता येईल. पण तुला ओढ लागलीय ते काम गणिताशिवाय होत नाही.

अफगाणिस्तानातल्या हिंदुकुशचंच बघ. २६ ऑक्टोबर २०१५ ला तिथे ७.५ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, दिल्लीपर्यंत जाणवला. केंद्र २०० किलोमीटरहून खोल. एवढ्या खोलवर खडक इतका तापलेला असतो की तो सहसा तुटत नाही, हळूहळू वाहतो. मग भूकंप कसा? तिथे थंड, जड प्लेटचा तुकडा जवळजवळ उभा लोंबतोय. खालचं वजन त्याला ओढतंय, वरचा हलका भाग मात्र बुडायला तयार नाही. त्यामुळे कणकेचा गोळा ताणावा तसा तो मध्येच बारीक होत चाललाय, असं अनेक संशोधक मानतात. भूकंपांची दाटी आहे ती याच भागात. तुकडा पूर्ण सुटला की खालची ओढ कमी होते, वरची जमीन उचलली जाऊ शकते आणि ताण दुसरीकडे सरकतो. रोमानियातल्या व्रान्चामध्येही असाच प्रकार असावा, असं एक मत आहे. तिथल्या १९७७ च्या भूकंपात दीड हजारांहून जास्त माणसं गेली.

हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. थंड खडकातून भूकंपलहरी थोड्या लवकर पोचतात. अनेक भूकंपमापन केंद्रांवर नोंदलेल्या या बारीक फरकांवरून आतलं चित्र उभं करायचं, म्हणजे समीकरणं सोडवायची, प्रोग्रॅम लिहायचे. तुझा विषय जिऑफिजिक्स, भूभौतिकी.

बारावीनंतर आयसर पुणे ही विज्ञानसंस्था आहे, जेईई ॲडव्हान्स्डमधून खरगपूर, रुरकीच्या आयआयटी आहेत. नाहीच जमलं तर फिजिक्स-गणित घेऊन बीएस्सी कर आणि जॅम ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा दे. आयआयटी मुंबईत एमएस्सी करता येते. मला हा रस्ता मुळीच कमी वाटत नाही.

बाबांना सांग, हैदराबादची एनजीआरआय ही भूभौतिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र, ओएनजीसीसारख्या तेल कंपन्या, सगळीकडे हेच शिकलेले लोक लागतात. आपल्या कराडलाही कोयनेच्या भूकंपांसाठी प्रयोगशाळा आहे. (तिथलं कारण वेगळं, धरणाच्या पाण्याशी जोडलेलं, अभ्यासाची हत्यारं बरीचशी तीच.) जागा थोड्या असतात, हे मात्र खरं. म्हणून प्रोग्रॅमिंग आत्तापासून शिक, ते इतरत्रही कामी येतं.

आणि या सुट्टीत त्रिकोणमिती पक्की कर. पुढचं कॅल्क्युलस तिथेच अडतं.