रेलिक्ट म्हणजे अवशेष नव्हे, आणि डाउअर म्हणजे हुंडा नव्हे

प्रश्न असा आला आहे. विचारणाऱ्या बाईंची सून अमेरिकन, पेनसिल्व्हेनियातली. सुनेच्या घराण्यातली सात-आठ पिढ्यांमागची एक बाई या दोघी मिळून शोधताहेत. हाती लागलाय तो ‘ऑर्फन्स कोर्टा’तला अठराव्या शतकातला एक कागद. फोनमधल्या अनुवादकाने त्यातल्या, ‘रेलिक्ट’ आणि ‘डाउअर’ हे शब्द असलेल्या, एका ओळीचं मराठी करून दिलं: ‘थॉमसचा अवशेष मेरी, तिचा हुंडा मागते.’ बाईंचे प्रश्न तीन. रेलिक्ट म्हणजे नक्की काय, सरळ विडो का म्हटलं नाही? नवरा मेल्यावर हुंडा कुणाकडे मागायचा? आणि मेरी धडधडीत जिवंत असताना तिच्या मुलांना ‘ऑर्फन’ का म्हटलंय?

अनुवादकाला हसायला नको, कारण ‘अवशेष’ अगदीच हवेतून आलेला नाही. लॅटिनमध्ये ‘रेलिंक्वेरे’ म्हणजे मागे ठेवून जाणं. त्यावरून ‘रेलिक्टा’, मागे ठेवलेली. चर्चमध्ये संतांची हाडं जपून ठेवतात ती ‘रेलिक’सुद्धा याच घरची. पण कोर्टाच्या कागदातल्या रेलिक्टला हाडांचा वास नाही. आपल्या वर्तमानपत्रात रोज छापून येतं: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ या ‘पश्चात’मध्ये उभी असलेली पत्नी म्हणजे रेलिक्ट. शब्द पुरुषालाही चालतो, पण कागदांत तो बहुतेक वेळा बाईलाच लागलेला दिसतो.

मग विडो का नाही? पुष्कळदा दोन्ही असतात, ‘विडो अँड रेलिक्ट’ असे जोडीने. इंग्रजी कायद्याला देशी आणि लॅटिन-फ्रेंच शब्दांची जोडी लावायची खोडच आहे. आपणही ‘कागदपत्र’ म्हणताना फारसी कागदाला संस्कृत पत्र बांधून टाकतोच की. पण वंशावळ शोधणाऱ्याला या दोन शब्दांतला फरक कामाला येतो. विडो ही अवस्था आहे. बाईने दुसरं लग्न केलं की संपली. रेलिक्ट हे नातं आहे: कुणाची? अमुकची. दुसरं लग्न झालं तरी ती पहिल्याची रेलिक्ट राहतेच. म्हणून या दफ्तरांत ‘मेरी, तमुकची बायको, पूर्वी अमुकची रेलिक्ट’ अशी ओळ सापडते आणि एका ओळीत दोन नवरे हाती लागतात. त्या काळी बाई दुसऱ्या, तिसऱ्या नवऱ्याकडे गेली की आडनाव बदलून कागदातून नाहीशी होते. तिला पुन्हा पकडून देणारा शब्द बहुधा हाच.

थडग्यांच्या दगडांवर याची जोडीदारीण भेटते: ‘कॉन्सॉर्ट’. कॉन्सॉर्ट लिहिलं असेल तर बाई नवऱ्याच्या आधी गेली, रेलिक्ट असेल तर नंतर. इंग्रजी वाचणाऱ्यांना हा भेद मुद्दाम शिकवावा लागतो. मराठी माणसाला नको. ‘अहेव गेली’ म्हटलं की आपल्याला लगेच कळतं.

आता थोडं विषयांतर, पण शब्दचर्चेत ते माफ असावं. हा ‘अहेव’ आला संस्कृत ‘अविधवा’वरून. आणि ‘विधवा’, लॅटिन ‘विदुआ’, इंग्रजी ‘विडो’ हा एकच शब्द, हजारो वर्षांपूर्वी वेगळं होण्याच्या अर्थाच्या धातूतून निघालेला. आपण शाळेत वि + धव, म्हणजे जिचा धव (नवरा) गेला ती, असा विग्रह शिकलो. घडलंय ते उलटं: ‘विधवा’ आधी होता, त्याची फोड करून लोकांनी आतून ‘धव’ काढला आणि मग त्या धवाला ‘स’ लावून ‘सधवा’ बनवली. रेलिक्टही आपल्याला परका नाही. ‘रेलिंक्वेरे’तला ‘लिंक्व’ आणि संस्कृतातला ‘रिच्’ भाऊभाऊ. त्यातूनच ‘रिक्त’ आणि ‘अतिरिक्त’ आले, आणि धर्मशास्त्राच्या ग्रंथांत मेलेल्याकडून वारसाने येणाऱ्या धनाला जो शब्द आहे तो ‘रिक्थ’ही. नवऱ्याने मागे ठेवलेलं धन ते रिक्थ, मागे ठेवलेली बायको ती रेलिक्ट.

डाउअरचा घोटाळा मात्र खरोखर महागात पडतो. डाउअर आणि डाउरी एकाच मुळाचे, म्हणून यंत्र दोघांनाही हुंडा म्हणून मोकळं होतं. डाउरी मुलीकडून नवऱ्याकडे जाते. डाउअर उलट दिशेने येतो: नवऱ्याच्या स्थावरातला एकतृतीयांश वाटा, विधवेला, तिच्या हयातीपुरता. आपल्याकडचे वकील इथे आणखी एक पाचर मारतात, कारण भारतीय कोर्टांच्या इंग्रजीत ‘मेहर’लाही डाउअर म्हणतात. मेहर हा बायकोचा नवऱ्याकडचा हक्काचा ऐवज, आणि तो तिचा कायमचा. त्या काळचा अमेरिकेतला डाउअर तसा नव्हता. तो विधवेने खायचा, राखायचा. विकायचा नाही, मृत्युपत्राने कुणाला द्यायचा नाही. ती मेली की तो नवऱ्याच्या वारसांकडे परत. १९५६च्या आधी हिंदू विधवेचा ‘हयातीपुरता हक्क’ ज्यांनी जुन्या फेरफारांत वाचलाय, त्यांना याची चव ओळखीची वाटेल. जुन्या कागदांत डाउअरला ‘थर्ड्स’ असंही म्हणतात. मी त्याचं भाषांतर ‘तिजाई’ करतो. शेतीच्या वाट्यातला शब्द आहे, थोडा विरत चाललाय, पण इथे चपखल बसतो.

हयातीपुरता म्हणजे काय, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातलं आहे. व्हर्जिनियाचे श्रीमंत जमीनदार डॅनियल पार्क कस्टिस १७५७ साली मृत्युपत्र न करता वारले. त्यांची रेलिक्ट मार्था तेव्हा २६ वर्षांची, पदरात दोन मुलं. कायद्याने तिजाई मार्थाची. व्हर्जिनियात १७०५च्या कायद्याने गुलामांना वारशापुरतं स्थावर ठरवलं होतं, त्यामुळे या तिजाईत जमिनीबरोबर माणसंही आली. जानेवारी १७५९मध्ये मार्थाने जॉर्ज वॉशिंग्टनशी लग्न केलं आणि तिजाई त्यांच्या ताब्यात गेली. ताब्यात, मालकीत नव्हे. १७९९मध्ये वॉशिंग्टननी माउंट व्हर्नन या आपल्या मळ्यावरच्या गुलामांची यादी केली तेव्हा एकूण ३१७ माणसांपैकी १५३ या कस्टिस तिजाईतली होती. त्याच वर्षीच्या मृत्युपत्रात त्यांनी स्वतःच्या गुलामांना मुक्त करण्याची तजवीज केली आणि स्पष्ट लिहिलं, की डाउअरमधल्यांना सोडणं माझ्या हातात नाही. दोन्हीकडच्यांची आपसांत लग्नं झालेली, म्हणजे एकाच झोपडीत नवरा सुटणार आणि बायको-पोरं नाही. १८०२मध्ये मार्था गेल्यावर ती सगळी माणसं कस्टिस नातवंडांत वाटली गेली. ओना जज ही मार्थाची दासी १७९६मध्ये फिलाडेल्फियाहून पळून न्यू हॅम्पशरला पोचली, तिथे संसार केला, १८४८मध्ये वारली; पण कायद्याच्या लेखी ती मरेपर्यंत कस्टिस तिजाईतलीच. नंतर झालेली तिची मुलंही. आता सांगा, या कागदात ‘हुंडा’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काय कळणार?

सामान्य घरांत हीच तिजाई फार बारीक होऊन येते. न्यू इंग्लंडच्या वाटणीच्या कागदांत पंचांनी विधवेला तोडून दिलेलं असतं: घराची पूर्वेकडची खोली, निम्मं तळघर, विहिरीवर पाणी भरायचा हक्क, भट्टीत पाव भाजायचा हक्क आणि स्वयंपाकघरातून जाण्यायेण्याची वाट. आपल्या वाटणीपत्रातल्या ‘सामाईक विहीर’ आणि ‘जाण्यायेण्याची वहिवाट’ यांचीच ही सख्खी बहीण. ज्या घरात वीस वर्षं चूल पेटवली त्याच स्वयंपाकघरातून जायला आता लेखी परवानगी. पेनसिल्व्हेनियातले जर्मन शेतकरी मृत्युपत्रातच मुलांना बजावून ठेवत: आईला वर्षाला इतका गहू, एक गाय पोसून द्यायची, जळण फोडून दाराशी आणून टाकायचं. आणि बहुतेक ठिकाणी एक अट, ‘ती माझी विधवा राहील तोवर’. पुन्हा लग्न केलं की गाय गेली.

आणि हे वाटप होईपर्यंत तिने कुठे राहायचं? १२१५च्या मॅग्ना कार्टात लिहिलंय, की नवरा वारल्यावर विधवेला त्याच्या घरात चाळीस दिवस राहता येईल आणि तेवढ्यात तिचा डाउअर तोडून द्यावा. या चाळीस दिवसांना इंग्रजी कायद्यात नाव पडलं ‘क्वारंटाइन’. जहाजं आणि साथींचा अर्थ इंग्रजीत त्यानंतरचा. २०२०मध्ये आपल्या सोसायट्यांच्या गेटवर जो शब्द चिकटवला होता, तो इंग्रजीत जहाजांच्या आधी विधवेच्या मुक्कामासाठी वापरला गेला.

आता ऑर्फन. त्या काळच्या कायद्यात ऑर्फन म्हणजे बाप मेलेलं, अज्ञान मूल. आई असली तरी. पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, न्यू जर्सी, डेलावेअरमध्ये अशा मुलांच्या मिळकतीचं काम पाहणारं कोर्ट ते ऑर्फन्स कोर्ट. त्यामुळे कागदात ‘ऑर्फन’ दिसला की मेरीला मारून टाकू नका. वंशावळी जुळवणाऱ्यांनी अशा कितीतरी आया अकाली मारल्यात. त्याच्याच शेजारी ‘इन्फंट’ येईल, तेही तान्हं बाळ नव्हे. एकवीस वर्षांखालचा कुणीही, मिसरूड फुटलेलासुद्धा. यासाठी मराठीत तयार शब्द आहे: सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ असतं ना, अज्ञान पालनकर्ता, त्यातला ‘अज्ञान’. तोही बिचारा काही न कळणारा नसतो, कायद्याने लहान असतो एवढंच. आणि मुलाने ‘स्वतः पालक निवडला’ असं लिहिलं असेल तर त्याने चौदा ओलांडलीत असं धरायला हरकत नाही. जन्मतारीख नसताना हा आधार मोठा.

मृत्युपत्र सापडलं तर त्यात ‘माय नाउ वाइफ’ दिसेल. ‘माझी आत्ताची बायको’ म्हणजे आधी एक होऊन गेली असणार, असा तर्क सगळेच करतात, मीही केला होता. तो चुकीचा. वकील एवढंच बांधून ठेवतोय, की हे देणं आज असलेल्या बायकोला आहे, उद्या दुसरी केली तर तिला नाही. तसंच ‘सन-इन-लॉ’: त्या काळी हा जावई असेल किंवा बायकोच्या आधीच्या नवऱ्याचा मुलगा. कझन म्हणजे पुतण्या-भाचाही असू शकतो. मामा, मावशी, आत्या, चुलता यांना वेगवेगळे शब्द असलेल्या भाषेतून आलेल्या माणसाचा इथे जीव गुदमरतो.

पण खरी अडचण तुम्ही विचारलेली नाही, ती पुढे येणार आहे. या सगळ्या कागदांत मेरीचं सासर आहे, माहेर नाही. लग्न झालेली बाई इंग्रजी कायद्यात ‘फेम कव्हर्ट’, नवऱ्याच्या पांघरुणाखाली झाकलेली. तिला स्वतःच्या नावाने खरेदी-विक्री नाही, नवऱ्याच्या संमतीशिवाय सहसा मृत्युपत्रही नाही. न्यूयॉर्कच्या डच वसाहतीत बाया स्वतःचं, बापाच्या नावावरून आलेलं नाव लग्नानंतरही लावत. १६६४मध्ये इंग्रज आले आणि हळूहळू ती रीत गेली. बाकी ठिकाणी बायको कागदात डोकावते ती नवरा जमीन विकतो तेव्हा. कारण तिची तिजाई त्या जमिनीवर बसलेली असते, आणि ती सोडल्याशिवाय घेणाऱ्याचा हक्क निर्धोक होत नाही. मग अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारतो, धाकदपटशा नाही ना, आणि लिहितो की ती आपल्या खुशीने डाउअर ‘रिलिंक्विश’ करते. हाच तो रेलिंक्वेरे. नवरा असताना जी सोडून देते ती रिलिंक्विश करते, नवरा जाताना जिला सोडून जातो ती रेलिक्ट. कित्येक बायांचं पहिलं नाव अख्ख्या दफ्तरात फक्त या एका ओळीत उरलं आहे.

तर तुमच्या ओळीचं मराठी मी असं करीन: ‘मयत थॉमस याचे पश्चात राहिलेली पत्नी मेरी, आपल्या हयातीपुरती तिजाई मागते.’ सुनेला सांगताना रेलिक्ट रेलिक्टच ठेवा, म्हणजे पुढच्या कागदात ती मेरी दुसऱ्या आडनावाने आली तरी डोळ्यांना सापडेल.

आणि त्याच कोर्टात थॉमसच्या मिळकतीच्या कारभाराचं जामीनखत शोधा. मेरीने ते लिहून दिलं असेल तर खाली दोन जामीनदारांच्या सह्या असतील. रेलिक्टला जामीन राहायला पुष्कळदा तिचा बाप नाहीतर भाऊ यायचा. ती आडनावं कोणती आहेत ते कळवा, तिथून माहेराकडे जाता येतंय का बघू.