वेग वाढवला की रेस्क्यू बोटीचं नाक आपटतं आणि बोट डुलते. फिन बसवावी का?

तुमच्या गावच्या आपत्ती पथकाकडं १६ फुटी फायबरची बोट आहे, मागं ४० एचपीचं टिलरचं, म्हणजे हातानं दांडा धरून वळवायचं इंजिन. थ्रॉटल अर्ध्याच्या पुढं गेला की पुढचं टोक एका तालात वर-खाली आपटतं, अजून वेग दिला की बोट डावी-उजवी डुलते. दुकानदार म्हणतो, इंजिनाला फिन, म्हणजे पंख्यावरच्या प्लेटला बसणारी आडवी पट्टी लावा. फिन आत्ताच घेऊ नका. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आउटबोर्ड इंजिनांचं काम करतो आणि पावसाळ्याआधी अशा बोटी दरवर्षी बघतो. बहुतेकींचा दोष वजनात, इंजिनाच्या कोनात किंवा तळात असतो. फिन तो दोष झाकते, वर इंजिनाच्या प्लेटला भोकं पडतात ती वेगळीच.

नाक आपटण्याला पोर्पॉइझिंग म्हणतात. वेग आला की बोट पाण्यावर चढते आणि तळाचा फक्त मागचा भाग पाण्याला टेकतो. वजन फार मागं असेल तर नाक उचलतं, कोन वाढतो, पाण्याचा जोरही वाढतो; मग मागची बाजू उचलली जाते, नाक पडतं, आणि पुन्हा तेच. ठराविक वजन आणि वेगाला नाक किती अंशांपर्यंत वर चाललं तर बोट शांत राहते, याची मर्यादा अमेरिकेतले अभियंते डॅनियल सॅवित्स्की यांनी १९६४ च्या शोधनिबंधात आलेखानं मांडली आहे. आपल्याला त्या मर्यादेच्या खाली राहायचंय, बस.

म्हणून आधी वजन. उसाची गाडी मागं जास्त भरली की उलार होते, तसंच हे आहे. ४० चं इंजिन स्वतःच ७० ते १०० किलोचं. टिलर धरणारा मागं, २५ लिटरची टाकी मागं (नुसत्या पेट्रोलचेच १८-१९ किलो), दोरखंड आणि लाईफ जॅकेटांचं पोतंही मागंच. लांब होज घेऊन टाकी मधल्या फळीपुढं न्या, होज कुठं मुडपत नाही ना बघा. सामान पुढं बांधा, नुसतं ठेवू नका. टिलरला एक्स्टेन्शन लावलं तर चालवणाराही हातभर पुढं सरकतो. एवढ्यावरच बऱ्याच बोटी शांत होतात.

त्याच वेळी दोन तळांमधलं पाणी तपासा. ट्रान्समच्या, म्हणजे इंजिन अडकवलेल्या मागच्या भिंतीच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपून आतला फोम भिजतो, आणि ते वजन नेमकं मागं साचतं. बोट काट्यावर ठेवून कागदावरच्या वजनाशी ताडून बघा. मोकळं पाणी असेल तर ते आणखी वाईट, कारण नाक वर गेलं की तेही मागं धावतं.

मग कोन. इंजिनाच्या ब्रॅकेटमध्ये टिल्ट पिन असते. इंजिन बंद करून ती एक भोक आत, म्हणजे ट्रान्समच्या बाजूला घ्या. नाक खाली बसेल. एका वेळी एकच भोक. फार आत घेतलं की नाक पाण्यात रुततं आणि वळताना बोट अचानक एका बाजूला फिरते. ते आपटण्यापेक्षा जास्त धोक्याचं. पिन पार आत असूनही नाक उडत असेल तर ट्रान्सम आणि इंजिनाच्या मध्ये ॲल्युमिनियमची पाचर बसते, जाड कड वर. उद्यमनगरात कुणीही मिलिंगवाला ती काढून देईल.

तळ मात्र नीट बघाच. आपल्या बोटी वर्षातले आठ-दहा महिने टायरांवर पडून असतात आणि तळ वाकतो. बोट उलटी करून मागच्या चार-पाच फुटांवर सरळ पट्टी धरा. मधे फुगवटा असेल तर नाक वर उचललं जातं आणि कितीही पिना बदला, आपटणं राहतं. तो घासून-भरून सरळ करावा लागतो. उलट मधे खोलगट असेल तर नाक खाली दाबलं जातं.

डुलण्याचं बोलायचं तर खरा चाइन वॉक, म्हणजे व्ही तळाची बोट वेगात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पडत राहणं, तुमच्या वेगाला होत असेल असं मला वाटत नाही. टिलरवाला एका कडेला बसतो, त्याच्या समोर दुसऱ्या कडेला माणूस बसवा. ब्रॅकेटचे क्लॅम्प आणि स्टिअरिंगचा नट हलवून बघा. इंजिन धरून जोरात हलवल्यावर ट्रान्समच हलत असेल तर आतलं लाकूड कुजलंय; मग दुरुस्तीपर्यंत ती बोट पाण्यात घालू नका. चालवताना डुलायला लागली तर थ्रॉटल एकदम सोडू नका, हळू कमी करा, टिलर ताठ धरा.

चाचणी पुरात नको, संथ पाण्यात, रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही बोटीनं घ्या. किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, मनगटाला. नाक वर असलं की समोरचं दिसत नाही, आणि आपल्या पंचगंगेवर पूर चढला की कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात. माणसं आणायला निघालेल्या बोटीला हे नाक शांत असणं म्हणूनच एवढं गरजेचं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा लागायच्या आत हे काम उरका.

उसाच्या रानातून बोट न्यावी लागली असेल तर पंख्यामागं पाला गुंडाळलाय का तेही बघा. वजन आणि पिन बदलूनही आपटत राहिली, तर तळाला पट्टी धरलेला बाजूचा फोटो इथंच टाका. पाचर लागेल की तळ भरावा लागेल ते त्यावरून सांगता येईल.